घर घेतलं गुंतवणुकीसाठी, आणि झोप उडाली

‘गुंतवणूक म्हणून पहिल्यांदाच घर घेतलं. जुनं होतं म्हणून कमी किमतीत मिळालं. दुरुस्त करून भाड्याने देऊ असं ठरवलं होतं. आता काम संपत नाही, पैसा पुरत नाही, रात्री डोळा लागत नाही. माझा निर्णयच चुकला का?’ हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारी माणसं बहुतेकदा हिशोबी असतात, आपापल्या कामात स्थिरावलेली असतात. एरवी सगळं नीट जमतं आणि इथेच घोळ झाला, याचा त्यांना फार राग येतो, आणि तो राग ती स्वतःवरच काढत राहतात.

अशाच एका बाईंचा हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या आसपास, नोकरी चांगली. कर्ज काढून एक जुनं दुमजली घर घेतलं होतं. खालचा मजला बरा होता, तो रंग देऊन लगेच भाड्याने दिला आणि वरच्या मजल्याचं काम काढलं. खालच्या भाड्यातून हप्त्याचा बराचसा भाग सुटेल, वरचं काम तीन महिन्यांत उरकेल, मग तेही भाड्याने जाईल, असं गणित होतं. वर्ष होत आलं तरी वरची फरशी अर्धीच होती, कंत्राटदार फोन उचलत नव्हता आणि खालच्या छताला ओल आली होती.

आमचं बोलणं चालू असतानाच त्यांचा फोन वाजला. भाडेकरूने छताचा फोटो पाठवला होता. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. कडेने पिवळट पडलेला तळहाताएवढा डाग, मधोमध रंग फुगून त्याचे पोपडे सुटलेले. ‘‘दोनदा रंग दिला मी इथे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मला हे काही जमणारच नाही, मॅडम.’’

बोलणं डागाचं चाललं होतं आणि संपलं ते स्वतःवर. माझ्या दृष्टीने खरी अडचण तिथे होती. घरातल्या प्रत्येक बिघाडाचा त्या स्वतःबद्दलचा निकाल करून टाकत होत्या. नळ गळला, म्हणजे मी बेजबाबदार. सुतार आला नाही, म्हणजे मला माणसं हाताळता येत नाहीत. असं झालं की बिघाडाकडे बघणंच नकोसं होतं. बघायचं नसलं की घाईने झाकलं जातं. दोनदा दिलेला रंग त्यातूनच आला होता.

म्हणून मी त्यांना म्हटलं, आज फक्त डागाबद्दल बोलू. ओल नेमकी कशामुळे येते आहे? गवंडी म्हणत होता नळ फुटलाय, प्लंबर म्हणत होता न्हाणीघराच्या फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवत होते आणि तपासलं कुणीच नव्हतं. मी सुचवलं की ज्याला पुढचं काम मिळणार नाही, अशा जाणकाराला नुसतं पाहायला बोलवा आणि त्याची फी द्या. काम मिळवण्यात ज्याचा फायदा आहे त्याचं निदान, आणि ज्याचा नाही त्याचं निदान, यात फरक पडतो.

त्या अभियंत्याने जे केलं ते साधं होतं. वरचं न्हाणीघर पूर्ण बंद ठेवलं. वापर नसतानाही ओल वाढत राहिली तर संशय पाणी आणणाऱ्या नळावर, कारण त्यात दाब सतत असतो. वापर थांबल्यावर ओल सुकू लागली तर सांडपाण्याची वाट किंवा वॉटरप्रूफिंग. त्याची खात्री करायची तर जाळी बंद करून फरशीवर दिवसभर पाणी साठवून ठेवतात आणि खालून पाहतात. इथे ती वेळ आलीच नाही. वापर बंद असताना डाग वाढला, वरची मुख्य तोटी बंद केल्यावर वाढायचा थांबला. भिंतीतला जुना लोखंडी नळ आतून गंजून एका सांध्यावर झिरपत होता. पाणी स्लॅबमधून वाट काढत दूर जाऊन उतरत होतं, त्यामुळे डाग नळाच्या बरोबर खाली नव्हताच.

ही गोष्ट सविस्तर सांगितली, कारण त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात पहिल्यांदा फरक पडला. ‘‘म्हणजे रंग कितीही दिला असता तरी उपयोग नव्हता,’’ असं त्या म्हणाल्या आणि त्यात स्वतःला लावलेलं दूषण नव्हतं. कारण सापडलं की कामाचा क्रमही सुचतो: आधी नळ आणि गळती, मग वायरिंग, मग गिलावा आणि फरशी, ओल पूर्ण सुकल्यावर सगळ्यात शेवटी रंग. नवीन माणूस हा क्रम उलटा करतो, कारण रंग दिसतो आणि नळ दिसत नाही.

लांबलेल्या कामाबद्दलही त्या स्वतःला कोसत होत्या. मी त्यांना ‘नियोजनाच्या भ्रमा’बद्दल सांगितलं. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये ही कल्पना मांडली: स्वतःचं काम किती वेळात होईल याचा अंदाज माणसं सगळं सुरळीत पार पडेल असं धरून करतात. 1994 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी 34 दिवसांत होईल असं सांगितलं, प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. सगळं बिघडलं तर किती लागतील, हेही विचारलं होतं. तो अंदाजसुद्धा सरासरी 49 दिवसांचाच होता. जुन्या घराच्या भिंतीत काय आहे हे तर ती फोडेपर्यंत कळतही नाही. म्हणून मुळातच अंदाजपत्रकावर निदान 15-20 टक्के राखीव धरावेत आणि कंत्राटदाराला पैसे तारखेप्रमाणे न देता झालेल्या कामाप्रमाणे टप्प्याटप्प्याने द्यावेत. शेवटचा हप्ता बारीकसारीक उणिवा दुरुस्त होईपर्यंत हातात ठेवावा. या बाईंनी जवळपास सगळी रक्कम आधीच देऊन टाकली होती. कंत्राटदार फोन उचलत नव्हता, त्याचं हे साधं कारण.

पण झोप उडण्याचं मोठं कारण वेगळंच होतं, आणि ते बऱ्याच उशिरा बाहेर आलं. नवऱ्याला खर्चाचा खरा आकडा ठाऊक नव्हता. घर घ्यायचा आग्रह यांचाच होता, त्यामुळे प्रत्येक वाढीव खर्च त्या बचतीतून गुपचूप भागवत होत्या. माझं मत इथे ठाम आहे: पैशाच्या तुटीपेक्षा लपवलेला आकडा जास्त जाळतो. तूट भरून काढायला दोन डोकी लागतात आणि लपवणारा माणूस दुसरं डोकं आधीच वजा करून बसलेला असतो.

आकडे सांगायचे कसे, याची आम्ही तयारी केली. एका कागदावर तीनच गोष्टी: आजवर गेलेले पैसे, आता काम पुरं करायला लागणारे, आणि दोन्ही मजले भाड्याने गेल्यावर वर्षाला हातात उरणारे. ‘उरणारे’ काढताना बारा महिन्यांचं भाडं धरायचं नाही, एखादा महिना घर रिकामं राहील असं धरायचं. कर, विमा, व्याज आणि देखभाल वजा करायची. देखभालीसाठी वर्षाला घराच्या किमतीच्या एक टक्का हा ढोबळ हिशोब सांगतात, जुन्या घराला त्याहून जास्तच लागतो. नवरा चिडला. दोन दिवस अबोला होता, आणि मग त्यानेच हिशोबाची वही स्वतःकडे घेतली.

त्या कागदामुळे ‘विकून टाकू का’ या प्रश्नालाही नीट तोंड फुटलं. तोवर त्या एकच वाक्य बोलायच्या: ‘इतके घातलेत, आता कसं सोडणार?’ गेलेला पैसा घर ठेवलं तरी परत येणार नाही आणि विकलं तरी नाही, त्यामुळे त्याला या निर्णयात मत नाही. विचारायचं ते एवढंच: आज हे घर या अवस्थेत, आजच्या भावात कुणी दिलं असतं, तर घेतलं असतं का? दोघांनी मिळून उत्तर काढलं. घर ठेवायचं, पण वरचं काम नवीन कंत्राटदाराकडून आणि लेखी यादी करून.

भाडेकरूचे फोन हा विषय त्या मानाने सोपा होता. पाणी भसाभसा येणं, विजेच्या ठिणग्या, गॅसचा वास, दाराचं कुलूप अडकणं, यांसाठी केव्हाही फोन. बाकी सगळं लेखी कळवायचं आणि ठरावीक मुदतीत उत्तर मिळणार. हे भाडेकरूला समोर बसून सांगितल्यावर तोही निवांत झाला. उत्तर मिळत नाही या धास्तीने तो रात्री-अपरात्री फोटो पाठवत होता.

इतकं होऊनही झोप आठवड्यांमागून आठवडे लागत नसेल, छातीत धडधड होत असेल, जेवण तुटलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर घराचे हिशोब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं. या बाईंना त्याची गरज पडली नाही, पण मी ते पहिल्याच भेटीत विचारलं होतं आणि प्रत्येकाला विचारते.

अलीकडे त्या आल्या तेव्हा वरच्या मजल्याची फरशी पुरी झाली होती. विषय दुसराच होता: खालच्या भाडेकरूचा करार संपत आलाय, भाडं वाढवावं की नाही. गळतीच्या काळात त्याने पुष्कळ सोसलं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. शेवटी त्यांनी यंदा वाढ न करता करार पुढे न्यायचा आणि पुढच्या वर्षीची वाढ किती ते आत्ताच त्यात लिहून ठेवायचं, असं ठरवलं. चांगला भाडेकरू टिकला तर घर रिकामं राहण्याचा महिना वाचतो, हे कागदावर मांडून दाखवलं ते नवऱ्याने.