मोहोळ, पोळे आणि पेटी

प्रश्न असा आहे : घरी ‘मोहोळ’ म्हणतात, पाठ्यपुस्तकात ‘पोळे’ असते आणि मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात ‘वसाहत’ व ‘पेटी’ हे शब्द कानावर पडतात, हे सगळे समानार्थी आहेत का, आणि लिहिताना कोणता शब्द वापरावा?

माझ्या मते हे समानार्थी नाहीत. पोळे म्हणजे मेणाच्या षट्कोनी घरांची रचना. मोहोळ म्हणजे त्या रचनेसह तिच्यावर नांदणाऱ्या माश्या आणि तिच्यात साठवलेला मध. गांधीलमाश्यांचेही, मेणाचे नसले तरी, षट्कोनी घरांचे पोळे असते. परंतु त्या मध साठवत नाहीत आणि त्यांच्या घराला सहसा कोणी मोहोळ म्हणत नाही. याचे कारण शब्दातच आहे. संस्कृत ‘मधु’चे प्राकृतात ‘महु’ झाले आणि मोहोळाच्या पूर्वार्धात हाच मधु आहे. मोहाचे झाडही ‘मधूक’ या शब्दावरून आले, त्याचा भुरळ पाडणाऱ्या मोहाशी संबंध नाही. त्याच्या फुलांची दारू होते म्हणून तसे वाटते, इतकेच.

तरीही या दोन शब्दांची बोलताना सरमिसळ होते आणि ती अगदी स्वाभाविक आहे. आपल्याला उघड्यावर दिसणाऱ्या मधमाश्यांच्या दोन जाती म्हणजे आग्या आणि फुलोरी. आग्या माशी उंच झाडाच्या फांदीला, कड्याला किंवा इमारतीच्या सज्जाखाली एकच मोठे पोळे लटकवते. फुलोरी झुडपाच्या काटकीभोवती तळहाताएवढे पोळे बांधते. दोन्हींच्या बाबतीत एक मोहोळ म्हणजे एकच पोळे, त्यामुळे कोणताही शब्द वापरला तरी अडत नाही. सातेरी या तिसऱ्या जातीचे तसे नाही. ती झाडाच्या ढोलीत, वारुळात किंवा भिंतीच्या पोकळीत अंधारात राहते आणि एकापुढे एक अशी समांतर अनेक पोळी बांधते. येथे मोहोळ एक आणि पोळी अनेक, त्यामुळे दोन शब्दांतला भेद पाळावाच लागतो. (पोळे या शब्दाचे अनेकवचन ‘पोळी’ असे होत असल्याने ‘सातेरीच्या घरात सात पोळी होती’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही स्वयंपाकघरातले वाटते, हा भाग वेगळा.)

आग्या मोहोळ दुर्बिणीतून पाहिल्यास हा भेद डोळ्यांना दिसतो. मेण जवळजवळ दिसतच नाही. एकमेकींना धरून राहिलेल्या माश्यांचे अनेक पदरी पांघरूण तेवढे दिसते. एखादी मोठी गांधीलमाशी जवळ घिरट्या घालू लागली की माश्या क्रमाक्रमाने पोट वर उचलतात आणि त्या पांघरुणावरून काळसर लाट सरकत गेल्यासारखी दिसते. त्याहून अधिक डिवचले, की मोहोळ ‘उठते’. उठते ते मोहोळ. पोळे जागच्या जागी राहते. म्हणूनच आठवणींचे मोहोळ उठते, पण ‘आठवणींचे पोळे’ असे कोणी लिहीत नाही.

साहित्यातील भ्रमराला मात्र या चर्चेत आणताना सावध राहावे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ‘जैसे भ्रमर परागु नेती । परी कमळदळें नेणती’ अशी ओवी आहे, आणि त्याच अध्यायात कोरडे लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत अडकतो, असाही दृष्टान्त येतो. लाकूड पोखरणारा हा भुंगा मोहोळ करणाऱ्या माश्यांपैकी नव्हे. पहिल्या ओवीतील कल्पना, म्हणजे फुलाला न दुखावता थोडे थोडे घेणे, आपल्याकडे ‘मधुकरी’ या शब्दात उतरली आणि पुण्यात शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांनी ती घरोघरी मागितली.

‘पेटी’ हा शब्द आला तो हलत्या चौकटींच्या, म्हणजे माश्यांना पेटीतल्या सुट्या चौकटींत पोळी बांधू देण्याच्या, पद्धतीबरोबर. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याने 1852 मध्ये अशा पेटीचे पेटंट घेतले. पोळ्यांमध्ये माशीला ये-जा करण्यापुरतीच, सुमारे पाऊण ते एक सेंटिमीटर जागा ठेवली तर ती तेथे मेण भरत नाही, हे त्यामागचे तत्त्व. त्यामुळे एकेक चौकट सुटी उचलता येते आणि पोळे न पिळता यंत्रात फिरवून मध काढता येतो. महाबळेश्वर परिसरात सातेरी माशी अशाच पेट्यांत पाळली जाते, आणि तेथील मांघर हे 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पेटीत राहणाऱ्या समूहाला मधपाळ ‘वसाहत’ म्हणतात, आणि तो समूह पेटीसह दुसऱ्या शिवारात हलवता येतो.

लिहिताना ‘रिकामे’ हे विशेषण लावून पाहावे. रिकामी पेटी असू शकते, माश्या उडून गेल्यावर रिकामे पोळेही उरते. ‘रिकामे मोहोळ’ मात्र कानाला खटकते. घर म्हणायचे असेल तेथे पेटी किंवा ढोली, मेणाची रचना म्हणायची असेल तेथे पोळे, आणि नांदते घर म्हणायचे असेल तेथे मोहोळ लिहावे. शिवाय ‘मधमाशांचे’ असे न लिहिता ‘मधमाश्यांचे’ असे लिहावे, कारण ‘माशांचे’ हे रूप माशीचे नसून माशाचे आहे.