इंजिन दर वेळी बिनतक्रार कसं सुरू होतं?

प्रश्न : काका, मी घरी संगणकावर सेसना कॅरॅव्हॅन उडवतो. स्टार्टर दाबला की इंजिन दर वेळी सुरू होतंच. इंधन लवकर दिलं तरी काही बिघडत नाही. खऱ्या विमानातही असंच असतं का?
– बारावीचा विद्यार्थी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नाही रे बाळा. पण तुला हे खटकलं, याचा फार आनंद झाला. कॅरॅव्हॅनच्या देखभालीत माझी बरीच वर्षं गेली, आणि तिचं पीटी ६ हे पंखा फिरवणारं टर्बाइन इंजिन सुरू करताना माझा हात कंडिशन लिव्हरवरून, म्हणजे इंधन सोडण्या-तोडण्याच्या दांडीवरून, कधी हलला नाही.

स्टार्टर आधी नुसता कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा भाग, फिरवतो. त्याचा वेग पूर्ण वेगाच्या १२ टक्क्यांच्या वर जाऊन स्थिरावला, की मग इंधन. आत येणारी बरीचशी हवा जाळासाठी नसतेच, ती आच आवरायला लागते. वेग कमी असताना इंधन सोडलं तर हवा तोकडी पडते आणि तापमानाची सुई सरसरत चढते. सुरू करतानाची हद्द १०९० अंश सेल्सिअस, तीही २ सेकंदच. तिथवर पोचायची वाट बघायचीच नाही. सुई थांबायचं नाव घेत नाही असं दिसलं की इंधन बंद करायचं, स्टार्टर मात्र फिरता ठेवायचा, म्हणजे आतली धग बाहेर पडते.

एकदा मे महिन्यात, दोन फसलेल्या प्रयत्नांनी बॅटरी दमली होती. तिसऱ्यांदा कॉम्प्रेसर १० टक्क्यांवरच रेंगाळला. वैमानिकाचा हात लिव्हरकडे गेला, तसा मी "साहेब, थांबा" म्हणालो. ग्राउंड पॉवरची गाडी आणून जोडली, तेव्हा ते नीट पेटलं.

आता तू सिम्युलेटरमध्ये बॅटरीचा चार्ज कमी करून ५ टक्क्यांवरच इंधन देऊन बघ. सुई रोजच्याच जागी थांबली, तर ते इंजिन नाही, नुसतं हलतं चित्र आहे.

विमानाच्या नाकावरच्या पंख्याकडेही लक्ष दे. पीटी ६ मध्ये पंख्याचं टर्बाइन, म्हणजे गरम वायूवर फिरणारं चाक, वेगळं असतं. कॉम्प्रेसरशी त्याचा दांड्याचा सांधा नाही, ते फक्त गरम वायूच्या झोतावर फिरतं. म्हणून पंखा उशिरा, सावकाश हलतो. स्टार्टरसरशी पंखा गरगरला, तर ते गॅरेटच्या टीपीई ३३१ या दुसऱ्या इंजिनाचं वागणं झालं, कारण त्यात सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये हे दोन प्रकार वेगळे धरले आहेत.

स्टार्टर एका वेळी ३० सेकंदच. नाही पेटलं, तर घड्याळ लावून ६० सेकंद थांब, सिम्युलेटर अडवत नसला तरी.