शाळा नको म्हणतो, पण मोटर उघडून बसतो

प्रश्न : ताई, माझा मुलगा 16 वर्षांचा आहे. नववीत नापास झाला तेव्हापासून शाळेत जायलाच तयार नाही. दिवसभर मोबाईल, नाहीतर पोरांबरोबर पारावर. काही विचारलं की तोंड फिरवतो. पण विहिरीवरची मोटर बंद पडली की हाच ती उघडून बसतो, जेवायला हाका मारल्या तरी उठत नाही. त्याचे पप्पा म्हणतात गॅरेजवर टाकू, चार शिव्या खाल्ल्या की येईल लायनीवर. मला भीती वाटते की दहावी कायमची गेली. काय करू?
– एक आई, जुन्नर तालुका

उत्तर : ताई, जेवण सोडून मोटरपाशी बसणाऱ्या पोराला आळशी समजू नका, हे पहिलं. त्याचं डोकं चालतं, पण हातात काम असलं की चालतं, आणि शाळेत फळ्यावरचं उतरवून घेण्यालाच अभ्यास म्हणतात त्यामुळे तिथे तो कायम ढ ठरत आलाय. शिक्षा म्हणून कामाला लावलंत तर शाळेवरचा राग कामावर निघेल आणि मग मोटरही सुटेल. शिवाय 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, हे पप्पांना जरूर सांगा.

तुम्हाला फार लांब जायला नको. शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तो सुरू केला, तोही शाळेत न रमलेली गावाकडची मुलं डोळ्यासमोर ठेवून. तिथे आठवी पास मुलांसाठी एक वर्षाचा निवासी कोर्स आहे, डिप्लोमा इन बेसिक रूरल टेक्नॉलॉजी. वर्कशॉप, वीज, शेती-जनावरं, अन्नप्रक्रिया असं सगळं थोडं थोडं करायला मिळतं, म्हणजे आपला हात कशात बसतो ते मुलाला स्वतःला कळतं. आणि तिथे गावातल्या लोकांची खरी कामं करत शिकायचं असतं, ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

खऱ्या कामाने काय होतं ते एका गेटवरून सांगते. लोखंडी अँगल कापून चौकट जमिनीवर मांडायची, चार कोपऱ्यांना आधी वेल्डिंगचे नुसते छोटे टाके मारायचे, मग टेपने कोनाकोनी मापं घ्यायची. दोन्ही सारखी आली तर चौकट काटकोनात, नाही आली तर हातोडीने ठोकून सरकवायची, परत मोजायचं, आणि पक्कं वेल्डिंग त्यानंतरच, कारण एकदा वेल्डिंग झालं की वाकडं गेट वाकडंच राहतं आणि गिऱ्हाईक ते घेत नाही. कोपरा तपासायला एका बाजूवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण करा, तिरकं माप 5 फूट यायला पाहिजे. हाच तो पायथागोरस, ज्याच्या पेपरात पोराला भोपळा मिळाला होता! मग अँगल किती किलो, वेल्डिंगचे रॉड किती, रंग, मजुरी, त्यावर नफा किती टक्के हा हिशोब. टक्केवारी इथे समजते कारण पैसे खरे असतात.

दुसरा रस्ता सरकारी आयटीआयचा. वेल्डर, वायरमन, प्लंबर अशा काही ट्रेडना दहावी पास असण्याची अट नसते, पण कमीत कमी काय लागतं ते आयटीआयमध्ये विचारून घ्या. वेल्डर एक वर्षाचा, वायरमन दोन वर्षांचा. इलेक्ट्रिशियन आणि फिटरला मात्र दहावी लागते. प्रवेश ऑनलाईन असतो, दहावीच्या निकालाच्या आसपास चौकशी सुरू ठेवा. आयटीआय झाल्यावर अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत काम करत शिकायची संधी मिळू शकते, त्यात शिकताना दरमहा स्टायपेंडही असतो.

आणि दहावी कुठेही गेलेली नाही! सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून. तिथे एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एका वेळी एक-दोन विषय दिले तरी चालतं. पण हे आत्ता लगेच त्याच्या मागे लावू नका. पाच-सहा महिने हाताने काम करू दे, कुणीतरी त्याला 'चांगलं केलंस रे' म्हणू दे, मग विषय काढा.

पप्पांनी एकच करावं, त्याला घेऊन एक आयटीआय आणि पाबळ दोन्ही बघून यावं आणि निवड त्याच्यावर सोडावी. वाटेत लेक्चर देऊ नये, प्लीज.

प्रश्न : मला वायरमन ट्रेड घ्यायचाय, घरचे म्हणतात मुलीने पार्लरचा कोर्स करावा. मी काय सांगू त्यांना?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पार्लरची आवड असती तर मीच जा म्हटलं असतं, पण तुला वायरिंग करायचंय तर तेच कर. घरच्यांना नोकरीच्या भाषेत सांग : महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन आयटीआय झालेल्यांना अर्ज करता येतो आणि सरकारी भरतीत महिलांसाठी 30 टक्के जागा राखीव असतात. स्वतःचं काम करायचं असेल तर पुढे तारतंत्रीचं, म्हणजे वायरमनचं, परमिट काढता येतं. आईला एकदा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये घेऊन जा, तिथे वायरिंगच्या बोर्डावर काम करणाऱ्या मुली असतील तर त्यांच्याशीच बोलू दे तिला.