सेन्सरवरच्या संशोधनासाठी फेलोशिपचा प्रस्ताव लिहिताना

पैशांची सोय आधी बघा. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली 2 वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिप) 42,000, घरभाडं वेगळं. राज्य सरकारच्या बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या संस्थांच्या फेलोशिपही आहेत, पण त्यांना पीएचडीची नोंदणी लागते. संभाजीनगरच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागात गॅस सेन्सरवर काम चालतं; गाईडला भेटण्याआधी तिथले शोधनिबंध वाचून जा.

खरी गोम प्रस्तावात असते. ‘स्मार्ट शेतीसाठी सेन्सर’ एवढ्यानं भागत नाही, नेमका प्रश्न हवा. आपल्या काळ्या मातीचंच घ्या. ती वाळली की आकसते, भेगा पडतात. ओलावा मोजणाऱ्या कपॅसिटिव्ह सेन्सरच्या पात्याला हवेची फट लागली की आकडा खोटाच कमी येतो, आणि शेतकरी उगाच पाणी सोडतो. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या ओलाव्याशी जुळवणं, त्याच रानातल्या मातीवर करा. नमुना ओला तोला, ओव्हनमध्ये 105 अंशांवर 24 तास वाळवा, पुन्हा तोला. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, हा वजनी ओलावा. असं निदान 5 वेगवेगळ्या ओलाव्यांवर करा, प्रत्येकी 3 नमुने. सेन्सर बहुधा आकारमानी ओलावा (मातीच्या आकारमानात पाणी किती) दाखवतो, तेव्हा दोन्ही जुळवायला मातीची स्थूल घनताही (कोरडं वजन भागिले आकारमान) मोजावी लागते. नवखे हमखास इथंच चुकतात.

गॅस सेन्सर निवडलात तर प्रत्येक वाचनासोबत हवेतली आर्द्रता नोंदवा. मे महिन्यात घेतलेला आलेख ऑगस्टमध्ये जुळत नाही, कारण वायू ओळखणाऱ्या सेन्सरच्या थरावर पाण्याची वाफही चिकटते.