मशीद, मस्जिद की दर्गा? गावच्या जुन्या वास्तूबद्दल लिहिताना

प्रश्न असा आहे : गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढायची आहे. गावाबाहेरच्या जुन्या दगडी वास्तूला कागदांवर कुठे ‘मशीद’, कुठे ‘मस्जिद’ म्हटलंय. गावकरी सर्रास ‘दर्गा’ किंवा नुसतं ‘पीर’ म्हणतात. ती एका रात्रीत बांधली अशी गोष्टही सांगतात. कोणता शब्द बरोबर, आणि ही गोष्ट कशी लिहावी?

मराठीत लिहिताय ना, मग बेलाशक ‘मशीद’ लिहा. ‘मस्जिद’ हे मूळ अरबी रूप आहे. ‘स-ज-द’ या धातूपासून ते आलं, अर्थ सजदा करण्याची, म्हणजे जमिनीला कपाळ टेकवण्याची जागा. ‘मशीद’ हा त्याचा अपभ्रंश असल्याने अशुद्ध, असं काहींना वाटतं आणि ते आदरापोटी ‘मस्जिद’ लिहितात. भावना चांगली आहे, पण समजूत चुकीची. बाहेरून आलेल्या शब्दातल्या ‘सि-सी’चा मराठीने फार जुन्या काळापासून ‘शि-शी’ केला आहे. नसीबचं नशीब झालं, वसील्याचा वशिला, हासिलचं हाशील, सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का. मस्जिदमधला ‘ज’ जोडाक्षरातून गळला, त्याच्या बदल्यात पुढची इकार दीर्घ झाली आणि ‘स’चा ‘श’ झाला, की मशीद. ‘नशीब’ला कोणी अशुद्ध म्हणत नाही, तर ‘मशीद’लाही म्हणू नये. एखाद्या मशिदीचं विशेषनाम किंवा नोंदणीतलं नाव ‘मस्जिद’ असेल, तर मात्र ते जसंच्या तसं ठेवावं.

लिहिताना चूक होते ती विभक्तीत. ‘मशीदीत’, ‘मशीदीचा’ ही रूपं चूक. जमीन–जमिनीत, तशी मशीद–मशिदीत, मशिदीचा, अनेकवचन मशिदी. ‘दर्गा’ हिंदी-उर्दूत ‘दरगाह’ म्हणून स्त्रीलिंगी आहे. मराठीत तो पुल्लिंगी : तो दर्गा, दर्ग्यात, ते दर्गे. ‘दर्गाहमध्ये’ हे धड इकडचं नाही की तिकडचं.

आता वास्तू नेमकी कोणती ते ठरवू, कारण मशीद आणि दर्गा हे एकाच वस्तूचे दोन शब्द नाहीत. मशीद ही नमाजाची जागा, तर दर्गा म्हणजे एखाद्या पीराची, सुफी संताची कबर आणि तिच्याभोवतीची वास्तू. मूळ फारसीत ‘दरगाह’चा अर्थ दार, उंबरठा, राजदरबार. गावकऱ्यांच्या बोलण्यावरून निर्णय करू नका, भिंत आणि जमीन बघा. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, जरा उत्तरेकडे झुकून. म्हणून मशिदीची पश्चिम भिंत बंद असते आणि तिच्यात मधोमध कमानीचा कोनाडा असतो, तो मिहराब. त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला, म्हणजे उत्तर बाजूला, दोन-तीन पायऱ्यांचा दगडी मिंबर असतो. शुक्रवारी तिथून खुतबा, म्हणजे नमाजाच्या वेळचं प्रवचन, वाचतात. मिंबर मोडून गेला तरी भिंतीलगत जोत्याचा ठसा पुष्कळदा राहतो. समोर वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्यासाठी, हौद किंवा आड. मनोरे नाहीत म्हणून ‘ही मशीद नव्हे’ असं लिहू नका. लहान गावात बांग गच्चीवरून किंवा अंगणातूनही देत. (मनोरा आणि मिनार हे एकच. अरबी ‘मनारा’ मराठीत मनोरा झाला, ‘मिनार’ त्याच घरातला.)

‘मेहराब’ या उच्चाराने थोडा घोटाळा होतो. उर्दूत मेहराब म्हणजे कोणतीही कमान. मराठीत कमानीला ‘कमान’ आहेच, म्हणून मिहराब हा शब्द पश्चिम भिंतीतल्या कोनाड्यासाठी राखून ठेवावा. ‘दर्शनी भागात तीन मेहराब’ असं वाचलं की पुढच्या वाचकाला किब्ल्याची, म्हणजे नमाजात तोंड करायची, दिशाच उलटी वाटते.

दर्ग्यात कबर असते, आणि ती उत्तर-दक्षिण असते. डोकं उत्तरेला, चेहरा पश्चिमेला वळवलेला. कबरीवर उभट, लांबट कलमदान असेल तर ती पुरुषाची आणि सपाट पाटी म्हणजे तख्ती असेल तर स्त्रीची, असा संकेत आहे. कबरच सापडत नसेल तर तो ‘चिल्ला’ असू शकतो : संताने चाळीस दिवस एकांतात काढले, अशी श्रद्धा असलेली जागा. फारसी ‘चिहल’ म्हणजे चाळीस. त्याला दर्गा म्हणणं सैल झालं. मोहरमचे पंजे ज्या खोलीत ठेवतात तो आशुरखाना, तीही मशीद नव्हे. आणि शेतात एकटी उभी असलेली मिहराबाची लांब भिंत बघून ‘पडकी मशीद’ लिहिण्याआधी थांबा. छताचा, खांबांचा काहीच माग नसेल तर ती बहुधा ईदगा आहे. दोन ईदांची नमाज गावाबाहेर मोकळ्यावर होते, तिला भिंत पुरते.

एकाच आवारात मशीद आणि दर्गा दोन्ही असणं अगदी नेहमीचं. पीराचा उरूस भरतो, नवस बोलले जातात, त्यात सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात. साहजिकच पूर्ण आवारालाच ‘पीर’ किंवा ‘दर्गा’ नाव पडतं. म्हणून गावकरी चूक बोलतात असं नाही. ते जागेला नाव देतात, तुम्हाला इमारतीचं नाव लिहायचंय. ‘गावात पीर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आवारातील मशीद’ असं लिहिलं की दोन्ही साधतं.

माणसांच्या नावांतूनही खूण मिळते. दर्ग्याची देखभाल करणारा मुजावर (अरबीत मुजाविर म्हणजे शेजारी राहणारा), मशिदीत नमाज पढवणारा इमाम, खुतबा वाचणारा खतीब. मुलाणी, मुलाणा हे ‘मौलाना’चं मराठी रूप. मराठवाड्यातल्या जुन्या महसुली कागदांत ‘खिदमतमाश’ दिसलं तर ते सेवेच्या मोबदल्यात दिलेलं इनाम. ते कोणत्या सेवेसाठी होतं एवढं वाचता आलं, तरी वास्तूचा निम्मा प्रश्न सुटतो.

काळ लिहिताना मोठी चूक होते सनाची. फारसी-अरबी शिलालेखात बहुधा हिजरी सन असतो, तर मराठी कागदांत पुष्कळदा शुहूर, हा सौर वर्षाचा सन. शुहूरात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे तिथे नुसती बेरीज चालत नाही : हिजरीला ३३ ने भागा, तो भागाकार हिजरीतून वजा करा, मग ६२२ मिळवा. हिजरी १०७० म्हणजे इ.स. १६५९-६०. शुहूर १०६० (कागदात ‘सितैन अलफ’) म्हणजेही १६५९-६०. हाच १०६० हिजरी समजलात तर १६५० येईल आणि मशीद जवळपास दहा वर्षांनी जुनी होऊन बसेल.

राहिली गोष्ट. ती गाळू नका, आणि तिला ‘इतिहास’ही म्हणू नका. ‘दंतकथा’ या शब्दाला आज खोटेपणाचा वास आहे, ‘लोककथा’ला ठरावीक गाव-ठिकाण लागत नाही. तुमच्या कामाचा शब्द ‘आख्यायिका’. वाक्यात ‘अशी आख्यायिका आहे’, ‘सांगतात’ किंवा आपलं छोटंसं ‘म्हणे’ हवंच : ‘ही मशीद म्हणे जिनांनी एका रात्रीत बांधली.’ एका रात्रीत बांधल्याची गोष्ट हेमाडपंती देवळांबद्दलही गावोगाव सांगतात. तिच्यावरून बांधणीचा काळ काढता येत नाही, पण गावाने ती इमारत किती जुनी मानली हे कळतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळच्या खाडीकाठच्या मशिदीचं उदाहरण घ्या. आख्यायिका सांगते की विजापूरची शहजादी आयेशा बीबी १६५९ साली वीस हजार स्वारांसह दाभोळला आली. तिला मक्केला जायचं होतं, पण समुद्रात चाच्यांचं भय होतं. मग काझी-मौलवींच्या सल्ल्याने तिने बरोबर आणलेला पैसा मशिदीला लावला आणि चार वर्षांत कामिलखानाने ती बांधली. यातलं दाभोळ हे आदिलशाहीतलं मोठं बंदर आणि हजयात्रेकरू तिथून निघत, एवढं इतिहासाचं. ते साध्या भूतकाळात लिहा : ‘यात्रेकरू दाभोळहून निघत.’ वीस हजार स्वार, सल्ला, शहजादीचा बेत हे सगळं आख्यायिकेचं, ते ‘म्हणे’च्या आत. आकडा कमी करून तो पटण्याजोगा करू नका. वीस हजार सांगतात तर वीस हजारच लिहा, आणि कोणत्या वाडीत कोणी सांगितलं, ते शेजारी नोंदवा. दुसऱ्या वाडीत तीच गोष्ट वेगळी ऐकू आली तर दोन्ही द्या. त्यांची सरमिसळ करून तिसरी तयार करू नका.