रिक्षाचे सुट्टे बरोबर मोजतो, मग वहीत का चुकतो? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत, इंग्लिश मीडियम. जूनमध्ये डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा फार, तो) आहे असं सांगितलं. बाकी विषयांत कसंबसं चालतं पण गणिताचा होमवर्क म्हणजे रोज दोन तास आणि शेवटी रडारड. काल जमलेलं आज येत नाही. ५२ वजा ३८ चं उत्तर २६ लिहितो, त्रेसष्ट सांगितलं की ३६ लिहितो (सासूबाई मराठीत अंक सांगतात). मिस्टर म्हणतात मुद्दाम करतोय, त्यांचा आवाज चढतो. पण परवा रिक्षातून उतरताना सत्तेचाळीस झाले तर यानेच पटकन सांगितलं, आई पन्नास दे, तीन परत घे. मग वहीतच काय होतं? (एक आई, कोथरूड)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या रिक्षाच्या वाक्यापाशी थांबले. सत्तेचाळीसवरून पन्नासपर्यंत तो पुढे मोजत गेला, अठ्ठेचाळीस एकोणपन्नास पन्नास, तीन. ही वजाबाकीच आहे. म्हणजे वजाबाकी काय असते हे त्याला कळलंय, आणि हे आधी मिस्टरांना सांगा.

आता ५२ वजा ३८ घ्या. वहीत उभी मांडली की त्याला काय काय करावं लागतं बघा. दोनातून आठ जात नाहीत हे दिसायला हवं, मग पाचातला एक दशक सुटा करायचा, पाचाचे चार झाले हे लक्षात ठेवायचं, दोनाचे बारा झाले हेही, बारातून आठ गेले चार, तो चार बरोबर एककाखाली लिहायचा, मग परत डावीकडे जाऊन आठवायचं की इथे आता पाच नाहीत, चार आहेत. आपल्या डोक्यात एक छोटी पाटी असते तसं समजा, हिशेब चालू असताना मधले आकडे जिच्यावर लिहून ठेवतो ती. एडीएचडी असलेल्या पुष्कळ मुलांची ही पाटी लहान असते आणि लवकर पुसली जाते, बाहेर कुकरची शिट्टी झाली तरी पुसली जाते. मग मूल सोपी वाट धरतं, मोठ्यातून लहान घालवतं, आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन, झाले २६. काल आलं आज नाही हे पण त्यातलंच, पाटी रोज सारखी टिकत नाही. मुद्दाम करणारं मूल रोज तीच चूक इतक्या व्यवस्थित करत नाही हो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, डोक्यात धरायला लागतंय ते सगळं बाहेर काढून त्याच्या हातात द्या.

खेळातल्या नोटा आणा, पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळतील, नाहीतर खऱ्याच घ्या. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी. तुम्ही वाणी व्हा आणि म्हणा अडतीस रुपये झाले. तो दहाच्या तीन नोटा देईल, मग आठ रुपये द्यायचे तर नाणी दोनच, आता काय? इथे गप्प बसा. अगदी गप्प. तो स्वतः म्हणेल की ही नोट सुट्टी करून दे. ज्या दिवशी हे त्याच्या तोंडून येईल त्या दिवशी हातचा म्हणजे काय ते त्याला कळलं. हातात उरतात एक नोट आणि चार नाणी, चौदा. दुसऱ्या आठवड्यापासून शेजारी वही ठेवा आणि हाताने जे केलं तेच लगेच लिहायचं, नोट मोडली की पाचावर काट मारून वर चार. मग नोटा काढून घ्या आणि चित्र काढू दे, दशकाला काडी एककाला ठिपका. अगदी शेवटी नुसते आकडे. आधी हात, मग चित्र, मग चिन्ह, हा क्रम जेरोम ब्रुनर या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांडला होता आणि आजही चांगले शिक्षक असंच शिकवतात, पण घरी आपण घाई करतो आणि तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करतो. आणि त्याला आडवं, पुढे मोजत जाऊन करायचं असेल तर करू दे की, अडतीसला दोन मिळवले चाळीस, चाळीसला बारा मिळवले बावन्न, दोन आणि बारा चौदा. ती रिक्षातली रीतच आहे. शाळेला उभी मांडणी हवी असेल तर ती नंतर शिकेल, आधी उत्तर बरोबर येतं याचा आनंद त्याला मिळू दे, बरेच दिवसांत मिळाला नसेल.

वही चौकटीची घ्या, मोठ्या चौकटींची, एका चौकटीत एक अंक, म्हणजे दशक एककाखाली घसरत नाही. एका पानावर दोनच गणितं. पुस्तकातलं पान भरलेलं असेल तर कार्डपेपरला खिडकी कापून एकच गणित दिसेल असं वर ठेवा. सुरू करायच्या आधी चिन्हाला गोल करायला सांगा, कारण ही मुलं वजाबाकीच्या जागी बेरीज करून मोकळी होतात आणि आपल्याला वाटतं येत नाही. वीस गणितं दिली असतील तर बाईंना भेटून विचारा की सहा करून आणली तर चालेल का, बऱ्याच बाई हो म्हणतात, फक्त कोणीतरी जाऊन विचारायला लागतं.

दोन तास मात्र आजपासून बंद. किचन टायमर लावा, दहा मिनिटं गणित, मग पाच मिनिटं जिना उतरून चढून ये, पाणी पी, परत दहा मिनिटं, बास. शाळेतून आल्या आल्या नको आणि रात्री आठनंतर तर नकोच. औषध चालू असेल तर त्याचा परिणाम दिवसभर सारखा नसतो, अभ्यास कोणत्या वेळी घ्यावा हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. औषध द्यायचं की नाही, किती, बंद करू का, हे सगळं त्यांच्याशीच बोला, शेजारी काय म्हणतात त्यावर नको.

आता त्रेसष्ट. चूक मुलाची नाही, आपल्या भाषेची गंमत आहे ती. त्रेसष्ट म्हणताना आपण तीन आधी बोलतो आणि साठ नंतर, लिहिताना सहा आधी. शाळेत सिक्स्टी थ्री ऐकतो, घरी त्रेसष्ट, तो ऐकलं त्या क्रमाने लिहून टाकतो. एकोणसाठ तर आणखी अवघड, कानावर साठ पडतात आणि लिहायचे असतात पन्नास नऊ. त्यातही एकोणीस एकोणतीस करत एकोणनव्वदपर्यंत एक नियम चालतो आणि पुढे अचानक नव्व्याण्णव येतं. तुम्हाला आठवत असेल, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी वीस एक, वीस दोन अशी वाचायची रीत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या आणि त्यांनी ही अडचण नेमकी ओळखली होती असं माझं मत आहे, त्या वेळी खूप जणांना ते पटलं नाही. आपल्याला आजीचे शब्द टाकायचे नाहीत. सासूबाईंना सांगा, त्रेसष्ट म्हटलं की लगेच जोडून म्हणा, साठ आणि तीन. सोबत ६० चं लांब कार्ड आणि ३ चं छोटं कार्ड करा, साठातल्या शून्यावर तीन ठेवला की ६३ दिसतं. रोज पाच अंक, त्याहून जास्त नाही.

आणि तुमच्या मिस्टरांसाठी दोन ओळी. दादा, आवाज चढला की त्या पाटीवर जे काही उरलेलं असतं ते पण पुसलं जातं, भीती सगळी जागा खाते. तुम्हाला काळजी आहे म्हणूनच तुम्ही ओरडता हे मला कळतं, पण त्याला ते कळायचं वय नाही. तुम्ही रविवारी मंडईत त्याला बरोबर घेऊन जा आणि पैसे त्यालाच देऊ द्या, वहीचं आठवडाभर ताईंकडे राहू दे.

प्रश्न : माझी नात दहा वर्षांची, अतिशय शांत, कुणाला त्रास नाही. बाई म्हणतात वर्गात हरवलेली असते. पाढे काही केल्या पाठ होत नाहीत. आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे, पावकी, निमकी, दिडकी सगळं तोंडपाठ असायचं. सातच्या पाढ्यात मधूनच विचारलं की पहिल्यापासून म्हणत येते. लक्ष नाही म्हणायचं की काय? (एक आजी, नारायण पेठ)

उत्तर : आजी, शांत मुलींकडे कुणाचं लक्षच जात नाही, म्हणून तुम्ही विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. एडीएचडी म्हणजे फक्त उड्या मारणारं मूल असं नसतं, नुसतं लक्ष न टिकण्याचा पण एक प्रकार असतो आणि मुलींमध्ये तो उशिरा ध्यानात येतो. पण लगेच तेच आहे असं धरू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, झोप बघा (या वयाला नऊ ते बारा तास लागते), आणि ती मधेच काही सेकंद एकटक बघत राहते, हाक मारली तरी भानावर येत नाही, असं होत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण फिट्सचा एक प्रकार असाच दिसतो. हे सगळं ठीक असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञ. ते विचारतील की बारा वर्षांच्या आधीपासून आहे का, सहा महिने तरी टिकून आहे का, आणि घरी शाळेत दोन्हीकडे दिसतं का, नुसत्या शाळेत दिसलं तर कारण वेगळं असू शकतं. खासगी परवडत नसेल तर ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

पाढ्यांचं म्हणाल तर ती पहिल्यापासून म्हणत येते कारण पाढा तिच्याकडे गाण्यासारखा आहे, मधली ओळ सुटी निघत नाही. तुम्हाला एक सुचवते, तुम्ही ठिपक्यांची रांगोळी काढत असाल ना? सात ठिपक्यांच्या सहा ओळी तिच्याकडून काढून घ्या. मग पाट फिरवल्यासारखं तिला बाजूने उभी करा, आता सहाच्या सात ओळी दिसतात. ठिपके तेवढेच, बेचाळीस. सात सक आणि सहा सत्ते एकच, म्हणजे निम्मे पाढे पाठ करायचे वाचले. दोन, पाच, दहा आधी पक्के करा. चारचा पाढा म्हणजे दोनच्याची दुप्पट, आठचा म्हणजे चारच्याची दुप्पट, सात चोक अठ्ठावीस येत असेल तर सात आठी अठ्ठावीस दुणे छप्पन्न, हे तिचं तिला काढता आलं की पाठ नसलं तरी अडत नाही. पाढे म्हणायचे तर बसवून नको, सारसबागेत चालता चालता, पावलागणिक. कार्डं करून पिसून विचारा, दिवसाला चार.

आणि मोठा गुणाकार भागाकार करताना पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या. मला माहितीय तुम्हाला हे पटायचं नाही, पण भागाकाराच्या पायऱ्या शिकणं एक काम आणि पाढे आठवणं दुसरं, दोन्ही एकदम मागितली तर तिच्या हातून दोन्ही जातात.

प्रश्न : मुलगा सातवीत, एडीएचडीचं निदान झालेलं आहे, गणितात अजूनही फार मागे. दहावीला जास्त वेळ वगैरे मिळतो का? (एक बाबा, पिंपळे सौदागर)

उत्तर : आत्ता विचारताय हे फार चांगलं केलंत, बरेच जण दहावीच्या नोव्हेंबरमध्ये पळापळ करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण), डिस्कॅल्क्युलिया (आकड्यांची अडचण) हे त्यात येतात. एडीएचडी त्या यादीत वेगळ्या नावाने नाही. पण एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना अध्ययन अक्षमता पण असते आणि ती एकाआड एक झाकली जाते, लक्ष नाही म्हणून येत नाही असं समजून गणिताची तपासणीच होत नाही. डॉक्टरांना सांगून ती चाचणी स्वतंत्र करून घ्या. प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळ आणि सीबीएसई दोन्हीकडे जास्त वेळ आणि इतर काही सवलती आहेत, तुमच्या बोर्डाचे सध्याचे नियम मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या आणि आठवीतच अर्जाला लागा.

तोवर एक करा, पाचवीपासूनच्या गणिताच्या वह्या आणि तपासलेले पेपर रद्दीत घालू नका. तारखेप्रमाणे एका फाईलला लावा. तपासणी करणाऱ्यांना मार्कांपेक्षा त्याच्या खाडाखोडीतून जास्त कळतं.