गिटारच्या जागी धोटा: एका रॉक व्हिडिओविषयी पालकांच्या पत्राला उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि त्यासोबत पाठवलेला आपल्या कन्येचा चार मिनिटांचा व्हिडिओ, दोन्ही मिळाले. व्हिडिओ मी तीनदा पाहिला आणि त्यांतील एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहिला. आपल्या पत्राचा आशय इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इचलकरंजीत आपला यंत्रमागाचा कारखाना आहे आणि मुलगी पुण्यात जनसंवादाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षात शिकते आहे. प्रकल्प म्हणून तिने मित्रमैत्रिणींच्या रॉक बँडने स्वतः रचलेल्या गाण्यावर म्युझिक व्हिडिओ केला आणि तो सुट्टीच्या दिवशी, एकच माग चालू ठेवून, आपल्या कारखान्यातच चित्रित केला. परीक्षकांनी ‘रॉक व्हिडिओचे संकेत पाळलेले नाहीत’ असा शेरा देऊन गुण कमी केले. आता तिला पंधराशे शब्दांचे आत्ममूल्यमापन द्यायचे आहे आणि त्यात कोणते संकेत पाळले, कोणते मोडले, हे सांगायचे आहे. तिने व्हिडिओ नियमाप्रमाणे पुन्हा चित्रित करावा का, आणि या क्षेत्रात पोट भरेल का, की एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू करावी, असे आपण विचारले आहे.

व्हिडिओ पुन्हा चित्रित करू नये, पुन्हा संकलित (एडिट) मात्र जरूर करावा. परीक्षकांचा शेरा मला अर्धा मान्य आहे आणि अर्धा अमान्य, आणि त्यातला मान्य असलेला अर्धा भाग तिच्या पुढच्या वाटेसाठी अधिक महत्त्वाचा आहे.

संकेत म्हणजे परीक्षेपुरता केलेला नियम नव्हे, तर प्रेक्षकाच्या ओळखीची झालेली रीत. आपण तमाशा पाहिला असेल. गण झाला की गवळण येणार, मग बतावणी आणि शेवटी वग, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, आणि मावशीच्या तोंडी एखादे नवे वाक्य आले की हशा पिकतो तो मावशी ओळखीची असते म्हणून. रॉक व्हिडिओचेही तसेच आहे. बँड वाजवताना दिसतो, गायकाचा चेहरा जवळून दिसतो, गिटारच्या तारांवर फिरणारी बोटे आणि ड्रमवर आदळणाऱ्या काठ्या दिसतात, मागून प्रखर प्रकाश आणि धूर असतो, जागा बहुधा ओसाड गोदामाची असते आणि कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्या शॉटवर जाण्याचे क्षण, तालावर पडतात. यातील प्रत्येक गोष्टीला कारण आहे. चेहऱ्याचे क्लोज-अप आले, कारण व्हिडिओचा खर्च करणाऱ्या ध्वनिमुद्रण कंपनीला गायकाचा चेहरा ओळखीचा व्हायला हवा असे. बोटांचे आणि काठ्यांचे शॉट आले, कारण ‘आम्ही आमचे वाद्य स्वतः वाजवतो’ हा रॉकचा जुना दावा आहे आणि तो डोळ्यांना पटवून द्यावा लागतो. गोदाम आले, कारण जिथे कारखाने बंद पडले होते अशा शहरांत बँडना सरावासाठी स्वस्तात मिळणाऱ्या जागांपैकी ती एक होती. कन्येने आत्ममूल्यमापनात संकेतांची यादी देण्याऐवजी ही कारणे लिहावीत. ज्याला कारण कळले, त्यालाच संकेत बदलण्याचा अधिकार मिळतो, असे माझे ठाम मत आहे.

संकेत मोडून गाजलेले व्हिडिओ तिने पाहिलेले असणारच, तरी तीन उदाहरणे देतो, कारण तिच्या व्हिडिओतील उणीव त्यांच्याशेजारी ठेवल्यावर स्पष्ट दिसते. ‘द रिप्लेसमेंट्स’ या अमेरिकी बँडचे ‘बास्टर्ड्स ऑफ यंग’ हे गाणे १९८५ सालच्या त्यांच्या अल्बममधले. त्याच्या कृष्णधवल व्हिडिओत जवळजवळ पूर्ण वेळ एक स्पीकर दिसतो, बँड दिसतच नाही आणि शेवटी तिथे बसलेला माणूस उठून स्पीकरला लाथ मारतो. १९९१ साली ‘निर्वाणा’ या अमेरिकी बँडच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’साठी दिग्दर्शक सॅम्युएल बायर यांनी जवळजवळ सगळे संकेत पाळले. वाजवणारा बँड, धूर आणि गर्दी हे सारे त्यात आहे, पण जागा शाळेच्या व्यायामशाळेची आहे, नाचणाऱ्या चिअरलीडर मुलींच्या पोशाखावर अराजकवादाचे चिन्ह आहे आणि शिस्तीत बसलेली मुले शेवटी मैदानावर धावून येतात. ‘ओके गो’ या बँडने २००६ साली ‘हिअर इट गोज अगेन’मध्ये वाद्ये पूर्ण वगळली. चौघे बँडसदस्य आठ ट्रेडमिलवर एकाच सलग शॉटमध्ये नाचतात, आणि या व्हिडिओला पुढच्या वर्षी ग्रॅमी हा संगीतक्षेत्रातला पुरस्कार मिळाला. मात्र ‘हे आम्ही स्वतः करतो आहोत, यात कापाकापी नाही’ हा रॉकचा मूळ दावा तिथे अधिकच ठळक होतो. वाद्य गेले, पण वाद्य दाखवण्यामागचे कारण टिकले.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. म्युझिक व्हिडिओ दाखवणारी एमटीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली आणि त्यानंतर प्रेक्षक एकामागून एक व्हिडिओ पाहू लागला. स्पीकरचा तो स्थिर शॉट दिसण्याआधी त्याने केस उडवणारे कित्येक गिटारवादक पाहिलेले असत, म्हणजे त्याची अपेक्षा शेजारच्या व्हिडिओंनी तयार करून ठेवलेली असे. आपल्या कन्येचा व्हिडिओ मात्र कोणी परीक्षक, कोणी नातेवाईक, कोणी अनोळखी माणूस मोबाइलवर एकटाच उघडून पाहणार. त्याच्या मनात अपेक्षा नसेल, तर ती मोडली गेल्याचेही त्याला कळणार नाही. अशा वेळी अपेक्षा व्हिडिओनेच आधी निर्माण करावी लागते.

नेमके तेच इथे झालेले नाही. दुसऱ्या मिनिटानंतर गिटारचा एकल तुकडा सुरू होतो आणि कॅमेरा गिटारवादकाला सोडून मागाकडे वळतो. धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा मागाचा भाग, या टोकाकडून त्या टोकाला जातो, परत येतो, आणि कट धोट्याच्या फेकीवर पडू लागतात. ही कल्पना अस्सल आहे, हे मी विचारपूर्वक म्हणतो. साधा यंत्रमाग मिनिटाला साधारण सव्वाशे ते दीडशे वेळा धोटा फेकतो, हे आपण माझ्याहून चांगले जाणता. अनेक रॉक गाण्यांची गतीही मिनिटाला तेवढ्याच ठोक्यांची असते. व्हिडिओच्या सेकंदाला २५ फ्रेम (स्थिर चित्रे) धरल्या, तर दीडशेच्या गतीला दर दहाव्या फ्रेमला एक फेक येते. मागाची लय गाण्याच्या लयीशी जुळते, हे तिच्या कानाने लहानपणापासून टिपलेले असणार, कारण हे कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही. शिवाय गाण्याचे शब्द झोप न येण्याविषयी आहेत. त्यांत मागाचा उल्लेख नाही, तरी रात्रपाळी चालणाऱ्या गावात रात्र कशी ऐकू येते ते चित्र सांगून जाते. शब्द आणि चित्र यांचे नाते तीन तऱ्हांचे असू शकते, असे अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ साली मांडले. चित्र शब्दांचे दर्शन घडवते, त्यांचा अर्थ वाढवते किंवा त्यांच्याशी फटकून राहते. तिचे चित्र अर्थ वाढवते, आणि हे तिने आत्ममूल्यमापनात याच शब्दांत लिहावे.

पण त्याआधी गिटारवादकाची बोटे एकदाही दिसत नाहीत. गायकाचा चेहरा अंधारात आहे, ड्रमवादक पाठमोरा आहे. त्यामुळे गिटारच्या जागी धोटा आला हे पाहणाऱ्याला उमगत नाही. गाणे चालू असताना मागाची दृश्ये टाकली आहेत, एवढेच त्याला वाटते. परीक्षकांनाही तेच वाटले असावे, आणि त्यांना दोष देता येणार नाही. आपण पत्रात लिहिले आहे की दिवसभरात पुष्कळ चित्रीकरण झाले आणि त्यातले बरेचसे वापरलेच नाही. त्यात बोटांचे शॉट नक्की असतील. ते पहिल्या कडव्यात दोनतीनदा, प्रत्येक वेळी त्याच कोनातून, यावेत. मग एकल तुकडा सुरू होताच प्रेक्षक त्याच शॉटची वाट पाहील आणि त्या क्षणी, त्याच कोनातून, धोटा येईल. एवढा बदल केला तर शेऱ्याचे उत्तर व्हिडिओच देईल. तिसऱ्या कडव्यात कॅमेरा गल्लीत फिरतो तो भाग सुंदर असूनही काढून टाकावा, कारण तिथे गाणे हातातून सुटते.

तांत्रिक दोष एकच, पण सांगायला हवा. संथ गतीच्या दृश्यांत ट्यूबलाइटचा प्रकाश लुकलुकतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या पद्धतीची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते. कॅमेऱ्याचे शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले तर तो चढउतार दिसत नाही. याहून जलद ठेवले की दिसू लागतो. हे दृश्य सामान्य गतीने वापरले तरी लुकलुक राहीलच, म्हणून त्याऐवजी दुसरे दृश्य घ्यावे.

आत्ममूल्यमापनात तिने सगळ्या शॉटचा हिशोब देऊ नये. चारच निर्णय निवडावेत आणि प्रत्येकाबाबत पाहणाऱ्याची अपेक्षा काय होती, ती कुठून आली, आपण काय दाखवले आणि त्याने काय साधले, हे लिहावे. ‘वेगळे’ आणि ‘हटके’ हे शब्द पूर्ण टाळावेत. जे साधले नाही तेही लिहावे, कारण स्वतःची चूक नेमकी ओळखणाऱ्या विद्यार्थ्यावर परीक्षक विश्वास ठेवतो.

आता पोटापाण्याचे. केवळ रॉक व्हिडिओंवर आपल्याकडे संसार चालत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. उत्पन्न येते ते जाहिराती, मालिका, वेब मालिका, संस्थांचे माहितीपट आणि लग्नाच्या फिल्म यांतून, आणि सुरुवातीची वर्षे अनियमित कमाईची असतात. मात्र हा व्हिडिओ पाहून मला ती दिग्दर्शकापेक्षा संकलक अधिक वाटली. तिचे कट दृश्याच्या सौंदर्यावर पडत नाहीत, आवाजाच्या आतल्या घडामोडीवर पडतात, आणि हे कसब दुर्मीळ आहे. पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये पदवीधरांसाठी संकलनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही फिल्म व व्हिडिओचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. दोन्हीकडे जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा अवघड, म्हणून एका प्रयत्नावर सारे टांगून ठेवू नये. प्रयत्न चालू असतानाच मुंबईत किंवा पुण्यात सहायक संकलक म्हणून काम धरावे. तिथे सुरुवातीला आवाज आणि चित्र जुळवणे, चित्रीकरणाची वर्गवारी करणे, प्रती जपून ठेवणे अशी कामे येतात, आणि ती चोख करणाऱ्यालाच पुढे कट लावायला बसवले जाते.

एमबीएची तयारी भीतीपोटी करू नये. आपल्याला झेपत असेल तर तिला दोन वर्षे द्यावीत आणि एक कसोटी आधीच ठरवावी. एकदा काम दिलेल्या माणसाने तिला दुसऱ्यांदा बोलावले का, ही ती कसोटी. पहिले काम ओळखीने मिळू शकते, दुसरे मिळत नाही. दोन वर्षांत असे बोलावणे एकदाही आले नाही, तर एमबीएचा विचार तेव्हा करता येईल. तीनचार चांगल्या कामांचा संग्रह तिने आत्तापासून जमवावा आणि त्यात हा व्हिडिओ पहिला ठेवावा. गाणे बँडचे स्वतःचे आहे ही मोठी सोय आहे. दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण वापरले असते तर गीत-संगीताच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या, अशा दोन्ही हक्कधारकांची परवानगी लागली असती. तरीही बँडच्या प्रत्येक सदस्याची लेखी संमती घेऊन ठेवावी, कारण मैत्रीत हे राहून जाते.

शेवटी एक सूचना, जी मला फार महत्त्वाची वाटते. व्हिडिओच्या अखेरीस गायक, गिटारवादक, ड्रमवादक, कॅमेरा, संकलन अशी सगळी नावे येतात. सुट्टीच्या दिवशी येऊन ज्यांनी तो एक माग चालवला आणि तुटलेला धागा जोडताना ज्यांचा हात चार सेकंद पडद्यावर दिसतो, त्यांचे नाव तिथे नाही. गिटारच्या तुकड्यात खरे वादन त्यांचे आहे. त्यांची परवानगी विचारून, त्यांचे नाव बँडच्या नावांसोबत, त्याच आकाराच्या अक्षरांत घालावे.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक